एक्केचाळीस बटणं

माझ्या भावानं भिंतीला बटणं लावली होती. शर्टाला नाही, भिंतीला! बाथरूमच्या पांढऱ्या भिंतीवर, दोन फरश्यांमधल्या सांध्यात, सिमेंटमध्ये दाबून बसवलेली. काळी, तपकिरी, शिंपल्याची, दोन भोकांची, चार भोकांची, एक तर कुठल्याशा बाईच्या कोटाचं लालभडक. दारापासून सुरू होऊन कोपऱ्यात वळून पार टबापर्यंत ओळ गेली होती. मी दारात उभी राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी," मी ओरडले, "ही भिंत आहे की सदरा?"

वहिनी मागे पॅसेजमध्ये उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यांनी लावलीत."

"ते कळलं हो मला. कशाला लावलीत?"

"त्यांना वाटलं, लावली."

हे काय उत्तर झालं? पण वहिनींचं पहिल्यापासून असंच. चार शब्दांच्या पुढे पाचवा विचारला की तोंडाला कुलूप.

मला लोक पाना म्हणतात. साठी जवळ आली तरी हातात पाना घेऊन दुसऱ्यांच्या घरचे नळ दुरुस्त करत फिरते, म्हणून. कुणी वाकडं बोललं की त्यालाही सोडत नाही, म्हणूनही असेल. माझे बाबा प्लंबर होते. हे बाथरूम त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. खोली एवढी मोठी की आताच्या फ्लॅटमधला अख्खा हॉल आत मावेल. खाली काळ्या-पांढऱ्या षट्कोनी फरश्या. भिंतीला छातीपर्यंत पांढऱ्या आणि त्यांच्यावर एक हिरवी पट्टी. खिडकीखाली चार पंजांवर उभा असलेला बिडाचा टब, वर एका ओळीत तीन पितळी नळ, तिन्ही सारखे. दुसऱ्या बाजूला उंचावर फ्लशची टाकी, तिला साखळी, आणि साखळीच्या टोकाला चिनी मातीची मूठ. मी बारा वर्षांची असल्यापासून बाबांच्या हाताखाली इथेच शिकले. दादाला गढूळ पाण्याची किळस यायची, तो टेलर झाला.

आणि बाबांच्या माघारी या टेलरनं बाथरूमची काय वाट लावली होती म्हणता! साखळी काढून तिथे कापडाची जाडजूड वेणी टांगलेली, टोकाला दोऱ्याचं लाकडी रीळ. टबाच्या काठावर रबराची पट्टी डकवलेली. टबासमोर फरशीवर सिमेंटचा हा एवढा उंचवटा, कुणी शहाण्यानं ठेच लागावी म्हणूनच केल्यासारखा. आणि टब? टबाला हिरवा ऑइलपेंट! बिडाच्या, पांढऱ्या मिन्याच्या टबाला गर्द हिरवा ऑइलपेंट!

त्या ऑइलपेंटवरूनच आमचं बिनसलं होतं. नऊ वर्षं झाली त्याला. मी सहज म्हणून आले होते, पाहिलं, आणि दादाला नाही नाही ते बोलले. म्हटलं, बाबांच्या तोंडाला काळं फासलंस. तो मान खाली घालून हातातल्या कापडाला टाचण्या लावत बसला. म्हटलं, पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. तो गेला त्या दिवशी आले तेवढीच.

त्याला जाऊन चौदा महिने झाले, आणि एक दिवस वहिनींचा फोन आला. मला वाटलं, राँग नंबर.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुम्ही यायला हवं."

झालं असं की भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, आईला भेटायला आला होता. टबाचा एक पंजा खचलेला, नळ गळतोय, तीन फरश्या डुगडुगतायत, हे सगळं त्यानं पाहिलं. वर वहिनी त्याच्या डोळ्यांदेखत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळल्या. झालं! लगेच फर्मान सुटलं, आई माझ्याकडे येणार. त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, दोन खोल्या. बायको चांगली आहे, तोही चांगला आहे, तो प्रश्नच नाही. पण वहिनींना जायचं नव्हतं.

"का नाही जायचं?" मी विचारलं.

"तिथे मी पाहुणी होईन," त्या म्हणाल्या. "पाहुण्याला अंघोळीला जातानाही विचारावं लागतं."

चाळीस वर्षांत वहिनींनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत लांबलचक वाक्य असेल. मी तडक भाच्याला फोन लावला.

"काय रे, आईला उचलून न्यायला ती काय टीव्ही आहे?"

"आत्या, तू ते बाथरूम बघितलंस का? तिथे कुणी पडून मरेल."

"बाथरूम मी नीट केलं तर?"

"तर बघू."

"बघू नको. हो की नाही सांग."

तो म्हणाला, "बाथरूम धड झालं, आणि आई कुणाच्या मदतीशिवाय एकटी अंघोळ करू शकते हे मला दिसलं, तर राहू दे तिला. महिनाअखेरीच्या रविवारी येतो मी. नाहीतर बॅग भरून तयार ठेवा."

"ये तू रविवारी," मी म्हटलं. "पाय पुसून ये."

तर असं होतं. माझ्या हातात बारा दिवस होते, आणि त्या बारा दिवसांवर वहिनींचं घर टांगलेलं होतं. पण मी काही नुसतं बाथरूम धड करणार नव्हते. मी ते बाबांचं बाथरूम होतं तसं करणार होते. टेलरनं चिकटवलेली एकूण एक घाण उपटून काढणार होते.

पहिल्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीशी बसले. ठक ठक ठक. एकेक बटण उडून खाली पडत होतं. आणि प्रत्येक बटणागणिक माझं डोकं आणखी फिरत होतं. कारण काम तरी धड असावं! दोन बटणांतलं अंतर इंचांच्या कुठल्याच हिशेबात न बसणारं. कोपऱ्यापाशी तर चार बटणं एकमेकांना खेटून. मोजपट्टी गळ्यात घालून जन्म काढलेला माणूस, आणि सरळ ओळ येत नाही? शिवाय निम्मी बटणं घसरलेली. सिमेंट इतकं पातळ कालवलं होतं शहाण्यानं, की ओली असतानाच ती भिंतीवरून ओघळली होती आणि जिथे थांबली तिथेच चिकटली होती. प्रत्येकाच्या वर ओघळल्याचा पांढरा माग.

"काय काढताय, वन्सं?" वहिनींनी दारातून विचारलं.

"तुमच्या नवऱ्याची बटणं."

"सगळी?"

"एकूण एक! एक्केचाळीस आहेत. मोजलीत मी."

वहिनी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. मी तयारीतच होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "टाकू नका मात्र."

मी ती सगळी एका बिस्किटाच्या डब्यात भरली आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला आणि आत घेऊन गेल्या. मला हसू आलं. म्हटलं, म्हातारपणी माणसं कशाकशात जीव गुंतवतात.

मग सिमेंटचा उंचवटा फोडला. रबर ओरबाडून काढलं. कापडाची वेणी उतरवली. जुनी साखळी मला माळ्यावर सापडली, चिनी मातीच्या मुठीसकट, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेली. म्हणजे टाकून द्यायची छाती झाली नव्हती बेट्याची. टबाचा हिरवा रंग काढायला मला चार दिवस लागले. एकावर एक तीन थर होते. रंग उडाला की पुन्हा मारायचा, असं चाललं असणार. मी खरवडत होते आणि शिव्या देत होते, खरवडत होते आणि शिव्या देत होते. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. पण मेलेल्या माणसानंही बिडाच्या टबाला ऑइलपेंट मारू नये.

काम चालू होतं तोवर वहिनी अंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीवर उरकत होत्या. रोज अकरा वाजता त्या चहा आणायच्या आणि दाराशेजारच्या स्टुलावर ठेवून जायच्या. एक दिवस ते स्टूल मी वर चढायला म्हणून आत घेतलं होतं. अकरा वाजले. वहिनी आल्या, नेहमीच्या जागी कप ठेवला, आणि कप सरळ खाली. काचा झाल्या, चहा माझ्या धुतलेल्या फरश्यांवर पसरला.

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" मी कडाडले.

"चुकलं," त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. काचा उचलायला वाकल्या नाहीत. ते मला आणखीनच लागलं. म्हटलं, वा! मी इथे हिच्या घरासाठी गुडघे घासतेय, आणि ही महाराणी उभी. काचा मी उचलल्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

शनिवारी दुपारी काम संपलं. खोटं कशाला बोलू, मी दारात बसून रडले. फरश्या लख्ख. सांधे पांढरेशुभ्र, भिंतीवरून हात फिरवला तर कुठे अडकणार नाही इतके गुळगुळीत. टब पांढरा, पितळी नळ तीन भाऊ उभे राहावेत तसे. साखळी ओढली की टाकीचा तोच जुना आवाज. बाबा असते तर पाठीवर थाप पडली असती.

"वहिनी!" मी हाक मारली. "या. तुमचं बाथरूम बघा. उद्या येऊ दे त्या साहेबांना."

वहिनी आल्या. उंबऱ्यात थांबल्या. चेहरा टाकीकडे.

"सुंदर झालंय," त्या म्हणाल्या.

"टाकी काय बघताय? टब बघा, टब!"

"टबही सुंदर झालाय."

"आत तर या. उद्या त्याच्यासमोर पहिल्यांदा शिरणार का?"

त्या आत आल्या. उजवा हात भिंतीवर, कमरेच्या उंचीला. हात भिंतीवरून पुढे गेला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. काहीतरी चाचपत होत्या. मग त्यांनी भिंत सोडली आणि दोन पावलं पुढे टाकली, आणि मधोमध उभ्या राहिल्या. दोन्ही हात जरासे पुढे. पाय हलेना. मी बघत राहिले. त्यांच्यापासून टब एका पावलावर होता.

"वन्सं," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "टब कुठे आहे?"

"कुठे आहे म्हणजे? हा काय, नाकासमोर!"

"मला दिसत नाही."

"दिवा लावू?"

"दिव्यानं काही होत नाही. दोन वर्षं झाली. त्याआधी थोडं थोडं दिसायचं, आता नाही."

मी ऐकलं. पण कानावरून आत जायला त्याला बराच वेळ लागला. आत गेलं तेव्हा, मी अशीच आहे, काय करू, मला भयंकर राग आला.

"तोंड नव्हतं का तुम्हाला?" मी किंचाळलेच. "बारा दिवस! बारा दिवस मी इथे ठोकतेय! ती बटणं मी उपटत होते तेव्हा दारात उभ्या होतात! एक शब्द? एक शब्द बोलता आला नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" त्या तशाच मधोमध उभ्या, पण आवाज पहिल्यांदाच चढला. "ओरडला असतात. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. संध्याकाळपर्यंत माझ्या मुलाला कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मी नवव्या मजल्यावर असते. आयुष्यात कधी कुणाचं गुपित राखलंय तुम्ही?"

नव्हतं राखलं.

"आणि खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या खूश होतात. गुणगुणत होतात काम करताना. बटणं गेली तेव्हा म्हटलं, शिकेन पुन्हा. जमेल. आता आत आले तर... वन्सं, ही खोली मला ओळखूच येत नाहीये हो."

मी त्यांचा हात धरला आणि टबाच्या काठावर बसवलं. कपाळ माझं! नुसता काठ, गुळगुळीत, ओला झाला की हात सटकेल असा. म्हणून ते रबर होतं. फरशीवरचा उंचवटा म्हणजे पायाला कळायची खूण, की आता पुढे टब. साखळी हाताला लागत नव्हती, हलायची, निसटायची, म्हणून जाड वेणी आणि रीळ. मी एकेक आठवत होते आणि प्रत्येक गोष्ट माझ्या तोंडात मारत होती.

"आणि तो रंग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते पहिलं," वहिनी म्हणाल्या. "नऊ-दहा वर्षांपूर्वी. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा टब मला दिसेनासा झाला. त्यांनी विचारलं, कुठला रंग दिसतो? मी म्हटलं, गडद हिरवा दिसतो. मग त्यांनी तो मारला. मी सांगायला निघाले होते तुम्हाला, त्या दिवशी तुम्ही एवढं बोललात तेव्हा. त्यांनीच खूण केली, नको म्हणून. म्हणाले, बहीण चिडली तर चिडू दे, तुझी गोष्ट तुझी आहे."

तो जाईपर्यंत मी त्या माणसाशी बोलले नव्हते. आणि हा मूर्ख टाचण्या लावत बसला होता. एक वाक्य बोलला असता तर! मला त्याचा एवढा राग आला की तो समोर असता तर त्याला हाणलं असतं, आणि मग त्याच्या पाया पडले असते.

नाही, तो एकदा बोलला होता. तेही तेव्हाच आठवलं. सहा वर्षांपूर्वी फोन केला होता त्यानं. म्हणाला होता, "व्हाइट सिमेंट किती पातळ कालवायचं गं? बाथरूममध्ये थोडं काम होतं." मी म्हटलं होतं, "तू टाके घाल, टाके. बाबांच्या बाथरूमला हात लावलास तर याद राख." आणि फोन आपटला होता. म्हणून त्यानं पातळ कालवलं. म्हणून बटणं घसरली. आणि घसरली म्हणून मी त्याला मागच्या आठवड्यात शिव्या घातल्या.

"डबा आणा," मी म्हटलं.

"कुठला?"

"बटणांचा! उद्या तो येणार आहे. बसून काय रडायचंय?"

वहिनी भिंत धरून गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तेवढ्या वेळात मी सिमेंट कालवलं. पण डबा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. मी सगळी एकत्र कोंबली होती. कुठलं कुठे होतं, देवाला माहीत.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

टबाच्या काठावर बसून त्यांनी डबा मांडीवर रिकामा केला आणि बोटांनी वेचायला लागल्या. एकेक बटण अंगठ्याखाली फिरवायचं आणि बाजूला ठेवायचं. "हे रेनकोटाचं, दाराजवळचं पहिलं. ही छोटी शर्टाची, ओळीत लागोपाठ. हे जाड, कडा असलेलं, कोपऱ्याच्या आधीचं. शिंपल्याची तीन मऊ आहेत, ती थंड नळाखाली. खरखरीत दोन गरम नळाखाली. आणि हे वरच्या फवाऱ्याच्या नळाखाली."

"ते लाल? ते कसं ओळखलंत?"

"त्याला कडेला टवका आहे," त्या म्हणाल्या. "लाल आहे हे मला आज तुमच्याकडून कळलं." आणि त्या चक्क हसल्या.

मी नवे सांधे पुन्हा कोरले. स्वतःच्या हातानं, दोन दिवसांपूर्वी भरलेले सांधे. अंतर कसं ठेवायचं विचारलं तर वहिनी उठल्या आणि भिंतीवर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत, एक बटण. दादाची मोजपट्टी ही होती. कोपऱ्यापाशी खेटून चार, कारण तिथे पाऊल आखडायचं. टेलरच होता तो. माप घेऊनच काम केलं होतं त्यानं. दिवेलागणीपर्यंत एक्केचाळिसावं बटण बसलं. रबर गोंदानं पुन्हा चिकटवलं, वेणी टांगली, उंचवटा केला, या वेळी नीट उताराचा. फक्त हिरवा रंग मारायला सांगितलं नाही वहिनींनी. त्याचा आता उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी भाचा आला. पाय पुसून आला. बाथरूम पाहिलं आणि हरखला.

"आत्या, कमाल! अगदी आजोबांचं!" आणि मग भिंतीकडे बघून, "पण ही बटणं कशाला ठेवलीस? आणि ती चिंधी? एवढं सगळं केलंस तर..."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. ओल्या सांध्याच्या काळजीनं म्हटलं की कशानं, पण आवाज असा निघाला की तो दोन पावलं मागे सरला.

वहिनी टॉवेल घेऊन आत गेल्या. कडी लागली. आम्ही दोघं बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्यांवर बसलो, दवाखान्यात बसतात तसे. मला आतला प्रत्येक आवाज कळत होता. पाऊल, पाऊल, थांबणं. नळ. एक नळ, मग दुसरा. टबात पाणी पडण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. भाचा उठायला लागला, मी त्याचं मनगट धरून खाली बसवलं. मग पाण्याची खळखळ, आणि मग वहिनी गुणगुणायला लागल्या. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं.

अर्ध्या तासानं कडी निघाली. ओले केस, कोरडे कपडे, गाल लाल.

"झालं," भाचा म्हणाला. "हरलो मी. राहा बाई इथे."

मी सुटकेचा श्वास टाकला. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. या जन्मात पहिल्यांदा मी एक गुपित राखणार होते. आणि वहिनी म्हणाल्या, "असं नको. चोरून नको राहायला मला. आत जा. दिवा बंद कर, खिडकी लाव, डोळे मीट, आणि गरम नळ सोडून दाखव."

"म्हणजे?"

"जा तर. भिंतीला हात लावून जा."

तो गेला. दार लागलं. आम्ही दोघी बाहेर उभ्या. आतून ठेच लागल्याचा आवाज, एक शिवी, मग पावलं. मग नळ सुटला. पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं. गिझरची अख्खी टाकी रिकामी झाली असेल, तरी तो नळ बंद करेना. मी दार वाजवलं. "अरे, पूर आणतोस का? बाहेर ये!"

बाहेर आला तेव्हा त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती, आणि तोंडही.

"किती दिवस?" त्यानं आईला विचारलं.

"नजर पूर्ण गेली त्याला दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस!" तो ओरडला. माझ्याच घराण्याचा आहे शेवटी. "मी कोण आहे? शेजारी आहे? बाबांनीपण नाही सांगितलं!"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस."

"मग आता काय नाही नेणार?"

वहिनींनी टॉवेल घट्ट धरला. "अट तू घातलीस," त्या म्हणाल्या. "बाथरूम धड, आणि मी एकटी. दोन्ही झालं. आता तुझ्या शब्दाचं काय ते तू बघ."

तो जिन्याशी गेला आणि शेवटच्या पायरीवर डोकं धरून बसला. मी इतकी चिडले होते, त्याच्यावर, वहिनींवर, मेलेल्या दादावर, स्वतःवर, की काही बोलले असते तर भलतंच बोलले असते. म्हणून जीभ चावून उभी राहिले.

"आणि ही पायरी?" तो म्हणाला. "इथे पडली असतीस त्या दिवशी. इथे काही का नाही केलं त्यांनी?"

वहिनी शिलाई मशीनकडे गेल्या, खण उघडला, आणि एक कागदाची पुडी आणून त्याच्या हातात दिली. "जिन्यासाठी काढून ठेवली होती. राहून गेलं."

त्यानं पुडी उघडली. धातूची बारा मोठी बटणं, वर जहाजाचा नांगर कोरलेला. त्याच्या शाळेच्या कोटाची. त्यानं एक उचललं आणि अंगठ्याखाली फिरवलं, अगदी आईसारखं. मग शर्टाची ओली बाही वर सारली आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्या," त्यानं विचारलं, "व्हाइट सिमेंट किती पातळ कालवायचं?"

माझ्या जिभेवर आलंच होतं. तेच, सवयीचं. मी ते गिळलं. खूप कडू लागलं.

"पातळ नाही," मी म्हटलं. "टूथपेस्ट असते ना, तेवढं घट्ट. पातळ झालं की बटण घसरतं. बस खाली. दाखवते."